मेणमावशीचा राखाडी रंग

बेकरीसमोरच्या रांगेत ही गोष्ट पहिल्यांदा माझ्या कानावर आली, आणि खरं सांगतो, तेव्हापासून ब्रेड आणायला जायचा मला कधी कंटाळा आला नाही. गोष्ट अशी की मेणमावशीने नवऱ्याची राख मेणबत्त्यांत घातली. चिमूटभर नाही, अख्खा डबा. त्या मेणबत्त्या बागवाल्याच्या हॉटेलात टेबलाटेबलावर लागल्या, लोक त्या उजेडात जेवले, बोटं चाटली, दात कोरले आणि घरी गेले.

सांगणारी बाई हे इतक्या हळू आवाजात सांगत होती की रांगेतल्या शेवटच्या माणसालाही स्पष्ट ऐकू आलं.

दोन दिवसांत गोष्ट इस्त्रीवाल्याकडे पोचली, तिथून दातांच्या डॉक्टरकडे. दातांच्या डॉक्टरकडे माणसं गप्प असतात ती आत, खुर्चीत. बाहेर बाकावर त्यांच्याइतकं कोणी बोलत नाही. तिथे एका डब्याचे दोन डबे झाले. एका बाईने आपल्याकडची मेणबत्ती फ्रिजमध्ये नेऊन ठेवली. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "काय करू? पेटवतही नाही आणि टाकवतही नाही." मीही ही गोष्ट एका ठिकाणी सांगितली. बरं, तीन ठिकाणी. पण तिखटमीठ लावलं ते फक्त एकाच ठिकाणी, आणि तिथेही बेताचंच.

आता ही मेणमावशी कोण, ते सांगतो.

आमच्या गल्लीच्या टोकाला तळमजल्यावर तिचं घर. पुढे दोन खोल्या, मागे एक, आणि त्या मागच्या खोलीचं दार लहानशा अंगणात उघडतं. बाई बुटकी, रुंद, चालताना दोन्ही हात अंगापासून जरा लांब धरणारी, जणू नुकतीच रंगवलीय आणि ओली आहे. बिस्किटांच्या कारखान्यात बावीस वर्षं डबे भरायच्या कामाला होती. कारखाना बंद पडला तेव्हा मालकाने सगळ्यांना सांगितलं, रिकामे डबे पडलेत, हवे तेवढे न्या. बाकीच्या बायकांनी दोन-दोन नेले. हिने हातगाडी आणली.

दारात दीडशे रिकामे डबे उतरलेले बघून नवरा म्हणाला होता, "बिस्किटं आणायची विसरलीस का?"

वर्षभर ते डबे पलंगाखाली, माळ्यावर, कपाटाच्या डोक्यावर राहिले. रात्री कूस बदलली तरी घर वाजायचं. मग तिने कुठल्याशा मासिकात वाचलं की अशा डब्यांत मेण ओतून बागेत लावायच्या मेणबत्त्या होतात. पहिली मेणबत्ती अर्धी जळली आणि मधोमध विहीर पाडून विझली, कारण डबा मोठा आणि वात बारीक. दुसरीची वात जाड, ती चिमणीसारखा धूर ओकायला लागली. तिसरी जमली. तिथून ती मेणमावशी झाली, आणि तिचं खरं नाव फक्त विजेच्या बिलावर राहिलं.

नवऱ्याला सगळे रंगारी म्हणत. भिंती रंगवणारा नव्हे. कापडाच्या गिरणीत एकतीस वर्षं सूत रंगवायच्या खात्यात होता. निवृत्त झाला तरी नखांच्या कडा निळ्याच राहिल्या. शंभर निळ्यांतून आपला निळा उचलून दाखवणारा माणूस. काम सुटल्यावर खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याच्या कपड्यांचे रंग कसे उडालेत ते मोठ्याने सांगायचा. माझ्या एका शर्टाला तो 'आजारी पोपट' म्हणायचा. तो शर्ट मी पुढे घातला नाही. तेव्हा बायकोने मेण तापवायला घेतलं याचा सगळ्यात जास्त आनंद झाला तो गल्लीला. म्हातारा खिडकीतून उठला.

मागच्या खोलीत त्या दोघांचं राज्य. गॅसच्या शेगडीवर पाण्याचं मोठं पातेलं, त्यात मेणाचं लहान. मेण थेट आचेवर ठेवायचं नाही, पेट घेतं. दोरीला बांधलेला थर्मामीटर खिडकीच्या गजाला टांगलेला. चोच असलेली एक पोचे पडलेली किटली, ओतायला. साच्यांवर आडव्या पेन्सिली, त्यांना वाती बांधलेल्या, म्हणजे वात मधोमध सरळ उभी राहते. बागेतल्या मेणबत्त्या डब्यात, जाड वातीच्या, डास पळावेत म्हणून गवती चहाचं तेल घातलेल्या. टेबलावरच्या उंच, सडपातळ, आणि त्यांना वास अजिबात नाही, कारण जेवताना नाकात गुलाब गेला तर सूपसुद्धा साबणासारखं लागतं. ही अक्कल मावशीची.

रंग मात्र रंगाऱ्याचा. त्याच्याकडे माप नव्हतं, वही नव्हती. रंगाची वडी घ्यायची, चाकूने खरवडायची, मेणात सोडायची, ढवळायचं, एक थेंब पांढऱ्या बशीवर टाकायचा आणि हात मागे बांधून उभं राहायचं.

"अहो, झाला का लाल?"

"गरम मेण खोटं बोलतं. थंड होऊ दे, मग विचार."

"तोवर इथलं मेण गोठेल."

"मग शेगडी कशाला ठेवलीय? शेक घ्यायला?"

आणि थेंब गार झाला की खरोखरच वेगळा रंग निघायचा. पातेल्यात काळसर दिसणारं मेण बशीवर गुलाबी. म्हातारा मान हलवायचा, नखाएवढी आणखी एक कपची टाकायचा, पुन्हा थेंब, पुन्हा हात मागे. एका रंगाला तास-तास. मावशी तोवर भांडून, चहा करून, पिऊन, कप विसळून परत यायची.

प्रत्येक घाण्याचं थोडं मेण उरायचं. ते वेगळ्या डब्यात जायचं, त्या रंगाच्या. डब्यावर रंगाऱ्याच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी. लाल, पिवळा असलं काही नाही. 'पोस्टाची पेटी', 'डॉक्टरचा पडदा', 'कच्चा पेरू', 'शेजाऱ्यांची भिंत'. एक गर्द जांभळट लाल होता, त्यावर लिहिलं होतं 'बहिणीचा राग'. त्याच्या बहिणीला हे कोणी कधी सांगितलं नाही. माझ्या पोटात काही राहत नाही, पण हे राहिलं. ती बाई मला घाबरवते.

घरात नियम एकच होता, उरलेलं मेण एकमेकांत मिसळायचं नाही. एकदा मावशीने जागा वाचवायला 'कच्चा पेरू' आणि 'डॉक्टरचा पडदा' एकत्र केले, तर म्हातारा दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "रंगांची सोयरीक मी जुळवीन. तू नुसती जेवायला ये." नऊ वर्षांत असे एकोणीस डबे झाले होते. भिंतीला लागून रांगेने उभे.

रंगारी गेला तो सलूनच्या खुर्चीत. अर्धी दाढी झाली होती. सलूनवाला म्हणाला, "काका, मान वळवा." काकांनी वळवली नाही. "काका, झोप लागली का?" सलूनवाल्यानेच मला हे सांगितलं, माझ्याच मानेवर वस्तरा धरून, त्यामुळे मी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही.

गल्लीतली चार माणसं मावशीला सांगायला गेली. ती मेण ओतत होती. हातातली किटली तिने साच्यावरून हलवली नाही, साचा काठोकाठ भरला, मग किटली खाली ठेवली. म्हणाली, "दाढी पूर्ण झाली का?"

"अर्धी राहिलीय, मावशी."

"ती करून घ्या."

सलूनवाल्याने उरलेली अर्धी केली. ती रडली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आलेल्यांच्या गळ्यात पडूनही नाही. नणंद, म्हणजे रंगाऱ्याची धाकटी बहीण, शेजारच्याच गल्लीत राहणारी, तिला हे सोसेना. स्वतः ती इतकी रडली होती की तिच्या वाट्याचं झालं आणि वहिनीच्याही.

"वहिनी, दगड आहात तुम्ही," ती म्हणाली.

"असेन," मावशी म्हणाली. टोमणा नाही, राग नाही. कोणी 'हाच का पत्ता' विचारावं आणि आपण हो म्हणावं, तसं.

राखेचा डबा घरी आला तो मावशीने मागच्या खोलीतल्या फळीवर ठेवला, रंगाच्या वड्यांशेजारी.

"अगंबाई, ही काय जागा झाली?" नणंद.

"तिथे जागा होती."

लेक बारा मजली इमारतीच्या बाराव्या मजल्यावर राहते, दूरच्या शहरात. ती येऊन आठ दिवस राहिली. आईला खाऊ घातलं, चादरी बदलल्या, बापाचे कपडे वेगळे काढले. आई सांगेल ते करत होती. बस म्हटलं की बसायची, खा म्हटलं की खायची. सातव्या दिवशी लेक बाजारातून आली तर मागच्या खोलीत धूर. खालच्या पातेल्यातलं पाणी आटून गेलं होतं, वरचं मेण काळपट पडून धुमसत होतं आणि आई समोर स्टुलावर बसून ते बघत होती. लेकीने पळत जाऊन गॅस बंद केला, वर झाकण दाबलं.

"आई! पेट घेतला असता ना!"

"घेतला नाही."

"हा हात बघ. हा भाजलाय कधी?"

मावशीने स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. तिथे मोठा फोड होता. "असेल काल."

लेक अंगणात जाऊन उभी राहिली, मग आत आली, आणि मग जे बोलणं झालं ते आमच्या अर्ध्या गल्लीने ऐकलं, कारण लेकीचा आवाज बापावर गेलाय.

"तू माझ्याकडे चल. कायमची. हे घर बंद करू."

"तुझ्याकडे मेण कुठे तापवू?"

"तापवायचं नाही! बाराव्या मजल्यावर कोण तापवू देईल? आराम कर."

"किती वेळ?"

"म्हणजे?"

"आराम किती वेळ करायचा असतो?"

लेक खरं तर समजूतदार. तिने कपाळाला हात लावला, मग स्टूल ओढून आईसमोर बसली. "हे बघ. बागवाल्याची ऑर्डर आलीय ना? त्याच्या बागेची?"

आली होती. बागवाला म्हणजे गावाबाहेरच्या बागेत हॉटेल चालवणारा. थंडी सरली की बाहेरची टेबलं मांडतो, आणि पहिल्या संध्याकाळी सगळ्या बागेत मावशीच्या मेणबत्त्या. दर वर्षी. चोवीस डबे बागेसाठी, अठ्ठेचाळीस उंच टेबलांसाठी.

"ती ऑर्डर तू एकटीने कर. त्याने माल घेतला आणि पुढचं काम दिलं, तर राहा इथे, मी पुन्हा शब्द काढणार नाही. नाही जमलं, तर मी खोके घेऊन येते आणि सामान बांधते. मग वाद नको."

"बरं."

"बरं काय?"

"बरं म्हणजे बरं."

लेक दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. तीन आठवडे हातात होते.

बागवाला नमुना घेऊन आला तेव्हा मी अंगणाच्या भिंतीशी सहज उभा होतो. मी बहुतेक ठिकाणी सहज उभा असतो. त्याने खिशातून घडी केलेला कापडी रुमाल काढला, जांभळट लाल. "मावशी, टेबलक्लॉथ हाच आहे, मागच्या वर्षीचाच. मेणबत्ती याला जुळणारी. काकांनी केली होती तशीच. अगदी तीच."

म्हणजे 'बहिणीचा राग'.

मावशीने रुमाल घेतला, खिडकीच्या गजाला बांधला आणि कामाला लागली. पहिला घाणा तिने पाण्यावर तापवला, थर्मामीटर पाहिला, वड्या खरवडल्या, पातेल्यात रंग रुमालाशी बरोबर जुळलेला पाहिला आणि साच्यांत ओतला. गार झाल्यावर चोवीसच्या चोवीस मेणबत्त्या दात घासायच्या पेस्टसारख्या गुलाबी. थेंब बशीवर टाकायचा राहिला होता. बशी तिथेच, हाताशी होती. नऊ वर्षं तो थेंब दुसऱ्या कोणीतरी टाकला होता, तिने फक्त 'झाला का' विचारलं होतं.

दुसऱ्या घाण्याला तिने दुप्पट रंग घातला. गार झाल्यावर तो कलेजीसारखा निघाला. हे नणंदेचं वर्णन. ती रोज संध्याकाळी यायची, विचारपूस म्हणून.

"वहिनी, हा कुठला रंग?"

"माहीत नाही."

"दादा असता तर..."

"हो."

"नाही, म्हणजे मी म्हणते, दादा असता तर असं ओतू दिलं असतं का?"

"नसतं दिलं."

भांडण अंगावर घेणारी बाई असती तर नणंदेला बरं वाटलं असतं. इथे म्हणजे उशीवर बुक्के मारण्यातला प्रकार. तिसरा घाणा तपकिरी झाला. मावशीने तो पाहिला, साचे उलटे केले, मेणबत्त्या कोपऱ्यात आडव्या रचल्या आणि शेगडीसमोर बसली. चौथा घाणा करायला नवं मेण नव्हतं. मेणवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, "मावशी, माल वाटेत अडकलाय, दहा दिवस धरा." ऑर्डरला पाच दिवस होते.

लेकीचा फोन आला. "काय गं, जमतंय ना?"

"नाही."

"मी शनिवारी येते. खोके घेऊन."

"बरं."

मला वाटलं, संपलं. नणंदेलाही वाटलं. ती तर कुठली भांडी कोणाला द्यायची हेसुद्धा ठरवायला लागली होती. पण बुधवारी सकाळी मावशी स्वतः तिच्या दारात गेली. म्हणाली, "तुझं मोठं पातेलं दे."

"कुठलं?"

"सगळ्यात मोठं."

नणंदेकडे एक पातेलं आहे, त्यात लहान मूल आंघोळ करू शकेल. तिने दिलं. तेव्हापासून ती स्वतःला विचारतेय की का दिलं. मावशी ते दोन्ही हातांनी पोटाशी धरून गल्लीतून घेऊन गेली, वाटेत मी भेटलो तर म्हणाली, "बाजूला व्हा." महिनाभरात नाही, इतका जोर तिच्या आवाजात होता. म्हणजे फारसा नव्हता.

बुधवार, गुरुवार मागच्या खोलीचं दार बंद. अंगणात गवती चहाचा वास यायचा, मग गुलाबाचा, मग लिंबाचा, मग सगळ्यांचा मिळून एक, कपाटात राहिलेल्या जुन्या शालीसारखा. मध्येच साचे आपटल्याचा आवाज. मेण गार होताना वातीभोवती खचतं, खड्डा पडतो, त्यात वरून पुन्हा ओतावं लागतं. त्यामुळे तिला झोप अशी मिळाली नसणार. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर 'असेल' म्हणाली असती.

शुक्रवारी नणंद दार ढकलून आत गेली. जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरलेली, त्यावर अठ्ठेचाळीस उंच मेणबत्त्या उभ्या आणि चोवीस डबे ओळीने. सगळं राखाडी. एकसारखं, गुळगुळीत, चुलीतल्या सकाळच्या राखेसारखं. मावशी खाली बसून कात्रीने वाती एका मापाच्या कापत होती.

नणंदेने मेणबत्त्यांकडे पाहिलं. मग फळीकडे पाहिलं. रंगाच्या वड्या होत्या. त्यांच्याशेजारची जागा रिकामी होती.

"वहिनी. डबा कुठाय?"

"कुठला?"

"दादाचा."

"इथे नाहीये." कच्, वात कापली. पुढची मेणबत्ती घेतली.

"मग कुठाय?"

"ती कात्री दे जरा, ही बोथट झालीय."

नणंदेने कात्री दिली नाही. तिने आपलं मोठं पातेलं पाहिलं, कोपऱ्यात पालथं, आतून राखाडी थर चढलेलं. ती तडक घराबाहेर पडली, शनिवार-रविवार कसंबसं पोटात ठेवलं, आणि सोमवारी बेकरीच्या रांगेत उभी राहिली. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

शनिवारी सकाळी लेक आली, घडी केलेले खोके काखेत मारून. तिने मेणबत्त्या पाहिल्या. म्हणाली, "आई, त्याने लाल सांगितला होता."

"हो."

"मग हा?"

"हा झाला."

टेम्पोत माल भरून दोघी बागेत गेल्या. तिथला वाढपी माझ्या ओळखीचा, त्यामुळे पुढचं त्याच्या तोंडून. बागवाल्याने पहिला खोका उघडला आणि पुन्हा बंद केला. मग पुन्हा उघडला.

"मावशी, हे काय?"

"मेणबत्त्या."

"ते दिसतंय! मी रुमाल दिला होता."

मावशीने पिशवीतून रुमाल काढून त्याच्या हातात ठेवला. इस्त्री केलेला.

"अहो, रुमाल परत कसला देता! संध्याकाळी साठ माणसं येणार आहेत माझ्याकडे. मी काय करू यांचं?"

"लावा," मावशी म्हणाली. "वाती कापलेल्या आहेत. विहीर पडणार नाही, धूर येणार नाही. ते मी बघितलंय."

दुसरं काही करण्यासारखं त्याच्या हातात नव्हतं. मेणबत्त्या लागल्या. लेक फाटकाशी उभी होती, आई टेम्पोत ड्रायव्हरशेजारी मांडीवर पिशवी घेऊन. संध्याकाळ झाली, लोक आले, बसले. आता वाढपी म्हणतो, फार सुंदर दिसत होतं. पण वाढप्याचं काय, त्याला त्या दिवशी टिप चांगली मिळाली होती. इतकं खरं, की कोणी उठून गेलं नाही. एका बाईने टेबलावरची मेणबत्ती हातात घेऊन विचारलं, "हा दगड आहे का?" लाल कापडावर राखाडी दिसत मात्र होता बरा. वाती सरळ जळल्या. कुठेही विहीर पडली नाही.

बागवाल्याने त्या दिवशी काही सांगितलं नाही. "बघू," म्हणाला. लेकीने रविवारी खोके उघडून पुढच्या खोलीत उभे केले. पहिल्या खोक्यात तिने बापाची पुस्तकं भरली, दुसऱ्यात कपबश्या. मावशी वर्तमानपत्राचे तुकडे करून कपाकपांत खुपसत होती. न विचारता, नीट, कारखान्यात डबे भरायची तशी.

तोवर बाहेर आमचं काम चालू होतं. सोमवारी बेकरी, मंगळवारी इस्त्रीवाला आणि दातांचा डॉक्टर. बुधवारी बागवाल्याच्या हॉटेलात बाहेरचं एकही टेबल रिकामं नव्हतं. माणसं येत, बसत, मेणबत्तीकडे बघत, एकमेकांच्या कानाला लागत आणि गोड मागवत. कोणी वाढप्याला विचारलं, "हीच का ती?" वाढप्याने मालकाला विचारलं, काय सांगू? मालक म्हणाला, "हो म्हणू नकोस. नाहीही म्हणू नकोस." धंद्याचं डोकं त्याला आहे, यात वाद नाही.

गुरुवारी त्याचा फोन. लेकीने उचलला. "मावशींना सांगा, आणखी अठ्ठेचाळीस. दर महिन्याला. रंग हाच. लाल नको. हाच."

लेकीने फोन ठेवला. कपबश्यांच्या खोक्याकडे पाहिलं. मग एकेक कप काढून परत फळीवर लावायला लागली.

"आई, ऐकलंस? काम दिलं त्याने."

"हो. रंग कुठला म्हणाला?"

"हाच."

"हा आता होणार नाही," मावशी म्हणाली. "हा संपला."

तरी ती मागच्या खोलीत गेली. मेणवाल्याचा माल तोवर आला होता. पांढरं मेण पाण्यावर तापवलं, त्यात काळ्याची एक कपची, लालाची नखाएवढी, हिरव्याची त्याहून कमी. पातेल्यात ते शाईसारखं दिसत होतं. तिने बशी घेतली, एक थेंब टाकला आणि हात मागे बांधून उभी राहिली.

"झाला का?" लेकीने दारातून विचारलं.

"थंड होऊ दे."

चार थेंब लागले, दीड तास गेला. तो पहिल्यासारखा राखाडी झाला नाही. जरा निळसर झाला. बागवाल्याला फरक कळला नाही. मला कळला, पण मला विचारतो कोण, आजारी पोपटाला.

लेक खोके घडी करून घेऊन गेली. मावशी राहिली. अजून तिथेच राहते. महिन्याला अठ्ठेचाळीस राखाडी करते, वाती कापते, अंगणात साचे वाळत घालते. नणंदेने पातेलं परत घेतलं नाही. "ते आता तुमच्याकडेच राहू द्या," म्हणाली, आणि दारातून दोन पावलं मागे सरली. येते अजून, पण मावशीकडे चहा घेत नाही.

एकदा न राहवून मीच मावशीला विचारलं. म्हटलं, "लोक काय म्हणतात, तुम्हाला माहीत आहे का?"

"काय?"

सांगितलं. तिखटमीठ न लावता. ती ऐकत होती आणि पेन्सिलीला वात बांधत होती. गाठ बसली, तिने ती ओढून पाहिली.

"असं म्हणतात होय," ती म्हणाली.

"मग तुम्ही सांगून का टाकत नाही?"

"मला कोणी विचारलं नाही."

मग तिने सांगितलं, आणि लेकीला मी नंतर विचारलं तर तिनेही तेच सांगितलं. राखेचा डबा लेक पहिल्यांदा आली होती तेव्हाच परत जाताना बॅगेत घालून घेऊन गेली होती. नेऊ का, असं आईला विचारलं होतं, आई 'ने' म्हणाली होती. तो बाराव्या मजल्यावर कपाटात आहे, स्वेटरच्या मागे. मेणबत्त्यांत राख नव्हती. नवं मेण संपलं होतं. भिंतीशी उरलेल्या मेणाचे एकोणीस डबे होते आणि कोपऱ्यात तीन फसलेले घाणे होते. मावशीने ते सगळं एकाच पातेल्यात घालून वितळवलं. सगळे रंग एकत्र केले की राखाडी होतो.